भाजक शून्य आहे का ते तपासलं, पण ते शून्य आलं कुठून?

लिनक्स कर्नलच्या एका ड्रायव्हरसाठीचा (हार्डवेअर चालवणारा कोड) दोन ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, माझ्याकडे रिव्ह्यूला आला होता. क्लॉकचा रेट, म्हणजे सेकंदाला किती ठोके, शून्य असेल तर ‘ईइनव्हॅल’ (आकडा चुकीचा आहे असं सांगणारा एरर) परत करा, बस्स एवढंच. पीडब्ल्यूएमचा (सिग्नल झटपट चालू-बंद करायच्या तंत्राचा) ड्रायव्हर, म्हणजे बॅकलाइटचा उजेड कमीजास्त करणं, छोटा पंखा हळू-जोरात फिरवणं असल्या कामाचा, आणि त्यातल्या ‘गेट स्टेट’ नावाच्या फंक्शनमध्ये हार्डवेअरचे आकडे वाचून शेवटी क्लॉकच्या रेटने भागायचं असतं. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या (कोड न चालवता नुसता वाचून दोष शोधणाऱ्या) टूलने दाखवलं की क्लॉक गेट रेट हे फंक्शन शून्य देऊ शकतं आणि ते शून्य सरळ भाजकात जातंय. पॅच लिहिणाऱ्याने भागाकाराच्या बरोब्बर एक ओळ वर चेक टाकला. दिसायला एकदम स्वच्छ, कंपाइल होतं, वॉर्निंग जाते. मी जवळजवळ ‘ठीक आहे’ लिहिणारच होते आणि मग मनात आलं की थांब, या बोर्डवर रेट शून्य येतोच कसा?

एवढ्या एका प्रश्नावर तो पॅच दोन आठवडे चालला आणि मला वाटतं ते दोन आठवडे सार्थकी लागले, म्हणून हे लिहितेय.

आधी टूलची बाजू, कारण टूलला नावं ठेवणं मला पटत नाही. कर्नलसाठी स्पार्स आहे, ते २००३ पासून, त्याच्यावर उभं राहिलेलं स्मॅच आहे, कॉक्सिनेल आहे, बाहेरचं कव्हरिटी आहे, रशियन विज्ञान अकादमीच्या संस्थेतलं स्वेस आहे, आणि ही सगळी मंडळी माणसाने कधी वाचलाच नसता असला कोड ओळ न ओळ वाचतात. टूल म्हणतं, इथून शून्य निघू शकतं, या या फांदीतून जाऊन तिथे भागाकार आहे, मध्ये कुणीच अडवत नाही. तेवढंच म्हणतं ते, आणि तेवढं बहुतेक वेळा खरंच असतं. पण त्याने डेटाशीट (चिपची माहितीपुस्तिका) वाचलेलं नसतं, बोर्ड बघितलेला नसतो, त्यामुळे ते शून्य प्रत्यक्षात येऊ शकतं का, आलं तर त्याचा अर्थ काय, आणि त्या क्षणी ड्रायव्हरने काय करायला हवं, हे तिन्ही प्रश्न पॅच लिहिणाऱ्याचे आणि मग रिव्ह्यू करणाऱ्याचे. वॉर्निंग गेली म्हणजे उत्तरं मिळाली असं नाही ना होत.

मी स्वतः पहिल्यांदा हेच बघते की शून्य कुणाच्या हातात आहे. वापरणाऱ्याच्या, डिव्हाइसच्या, की कुणाच्याच नाही.

वापरणाऱ्याच्या हातातलं शून्य सगळ्यात सोपं वाटतं. फ्रेमबफरचे, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारे, जुने ड्रायव्हर बघा, युजरस्पेसमधून (साध्या प्रोग्रॅममधून) आयऑक्टल, म्हणजे ड्रायव्हरला आज्ञा द्यायचा कॉल, करून स्क्रीनचा मोड देता येतो, त्यात पिक्सक्लॉक नावाचा आकडा असतो, एका पिक्सेलला किती पिकोसेकंद लागतात तो, साध्या ६४० बाय ४८० ला ३९७२१ च्या आसपास. कुणी शून्य दिलं आणि ड्रायव्हरने न बघता भागलं की कर्नल कोसळला. हा एकच दोष कितीतरी ड्रायव्हरमध्ये सापडला आणि एकेक करून दुरुस्त झाला, फिक्स तोच, मोड तपासायच्या फंक्शनमध्येच शून्य परत पाठवायचं. इथवर ठीक. पण पिकोसेकंदावरून किलोहर्ट्झ काढायचा मॅक्रो १०० कोटीला पिक्सक्लॉकने भागतो, मग पिक्सक्लॉक १०० कोटीपेक्षा मोठा दिला तर? पूर्णांकाचा भागाकार, उत्तर शून्य! आणि हे उत्तर पुढे आणखी कशाला भागायला वापरलं असेल तर आपण जिथून निघालो तिथेच परत, फक्त आता शून्य वापरणाऱ्याने दिलेलं नाही, आपणच बनवलंय. म्हणून मी पॅचमधला चेक बघून झाला की त्याच्या खालचे सगळे भागाकार बघते, प्रत्येक भागाकार हा पुढच्या भागाकारासाठी शून्य तयार करायचा कारखाना असू शकतो.

सिरियल पोर्टचं उदाहरण मला फार आवडतं, २०२४ मधलं. सिरियलच्या कोअरमध्ये टीआयओसीएस-सिरियल हा आयऑक्टल बॉड बेस (पोर्टच्या वेगाचा पायाभूत आकडा) घेतो, त्याला १६ ने गुणून युआर्टचा (सिरियल पोर्टच्या चिपचा) क्लॉक ठरवतो आणि नंतर डिव्हायझर काढताना तो क्लॉक वापरला जातो. आता फक्त बॉड बेस शून्य आहे का एवढंच बघितलं असतं तर पुरलं नसतं, कारण २६,८४,३५,४५६ ला १६ ने गुणलं की बरोबर ४,२९,४९,६७,२९६ येतात, म्हणजे दोनाचा ३२ वा घात, आणि ३२ बिटांत ते मावत नाही, उरतं शून्य. दिलेला आकडा शून्य नाही, वापरलेला शून्य आहे. त्या फिक्समध्ये चेक गुणाकाराच्या उत्तरावर आहे. आणि अजून एक गोष्ट, चेक कुठे ठेवला तेही महत्त्वाचं, जिथे क्लॉक सेट होतो तिथे न ठेवता बाकीच्या सेटिंग बदलायच्या आधी ठेवलाय, आणि तसं का ते कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणीत) स्पष्ट लिहिलंय, कारण अर्ध्या सेटिंग बदलून मग एरर देऊन बाहेर पडलं की पोर्ट अर्धवट अवस्थेत राहतो आणि त्याच पोर्टवरचे पुढचे कॉल त्यात अडकतात. बॉड बेस बदलायला अ‍ॅडमिनचा हक्क लागतो हे खरंय, पण म्हणून चुकीच्या आकड्याने कर्नल पडावा असं थोडंच आहे. रिव्ह्यूमध्ये मी ‘चेक आहे’ यावर थांबत नाही, एरर देऊन बाहेर पडताना मागे काय पसरून ठेवलं तेही बघते, लॉक सुटलं का, क्लॉक चालू राहिला का, मेमरी.

डिव्हाइसकडून येणारं शून्य वेगळं. यूएसबीचं डिव्हाइस स्वतःबद्दल जे सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण यूएसबी नेटच्या (यूएसबीवरून नेटवर्क जोडायच्या) कोडमध्ये २०१९ पर्यंत पॅकेटचा जास्तीत जास्त आकार डिव्हाइस सांगेल तो, आणि मग पॅकेटच्या लांबीला त्याने भागून बाकी काढायची. डिव्हाइसने शून्य सांगितलं की संपलं. तिथला फिक्स मला आदर्श वाटतो, डिव्हाइस जोडतानाच आकार शून्य दिसला तर हे डिव्हाइस बिघडलेलं आहे असं म्हणून नाकारलंय. प्रत्येक पॅकेटला चेक नाही, ज्या वाटेवरून सेकंदाला हजारो पॅकेट जातात तिथे काहीच वाढवलं नाही. दारातच अडवलं.

पंख्याचा वेग मोजणाऱ्या चिपचं मात्र तसं नाही करता येत. एलएम७८ घराण्यातल्या चिप २२.५ किलोहर्ट्झच्या क्लॉकचे ठोके मोजतात, आणि मिनिटाला किती फेरे ते काढायचं तर साडेतेरा लाखाला, म्हणजे २२,५०० गुणिले ६० ला, रजिस्टरमधला, म्हणजे चिपने मोजून ठेवलेला, आकडा गुणिले डिव्हायझर याने भागायचं. रजिस्टर ० असेल तर? ड्रायव्हर -१ देतो. आणि २५५ असेल तर ०. हे कुठलंही टूल सुचवू शकणार नाही! २५५ म्हणजे मोजणी वर टेकली, पंखा बंद आहे किंवा इतका हळू आहे की मोजता येत नाही, म्हणून वेग ०, आणि रजिस्टर ० असणं म्हणजे वाचनच निरर्थक. असल्या ठिकाणी कुणी ‘भाजक शून्य असेल तर शून्य परत करा’ असा पॅच दिला तर वॉर्निंग जाईल आणि निरर्थक वाचन ‘पंखा बंद’ म्हणून वर जाईल. कोणीतरी त्या आकड्यावर मशीन बंद करायचा निर्णय घेत असेल. शून्याच्या जागी काय परत करायचं हा हार्डवेअरचा प्रश्न आहे, सी भाषेचा नाही, आणि डेटाशीट न उघडता त्याचं उत्तर देणाऱ्या पॅचला मी कधीच होकार देत नाही.

तिसरं, येऊच न शकणारं शून्य. कोडमधल्या स्विचमध्ये, म्हणजे वाटा फोडणाऱ्या भागात, चार केस, चारही चिपच्या, टेबलमध्ये एकही शून्य नाही, आणि टूलला वाटतं पाचवी वाट आहे. इथे चेक टाकला तर तो कधीच चालणार नाही, पण पुढे वाचणाऱ्याला मात्र वाटत राहणार की हे शून्य येत असावं. मला असला चेक खटकतो. डिफॉल्टची फांदी एररने बंद करा, ते प्रामाणिक आहे, टूलही गप्प बसतं आणि माणसालाही कळतं.

आता ‘मी टेस्ट केलं, चालतंय’ याबद्दल. एक्स८६ वर (इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरवर) शून्याने भागलं की प्रोसेसर एक्सेप्शन देतो, व्हेक्टर नंबर ०, आणि लॉगमध्ये डिव्हाइड एरर असा ऊप्स (कर्नलचा चुकीचा अहवाल). पण आर्म ६४ वर? काहीच होत नाही. भागाकाराच्या सूचनेचं उत्तर निमूट शून्य येतं आणि कोड पुढे जातो. रिस्क-फाइव्हवर सगळे बिट एक येतात, म्हणजे अनसाइन्डमध्ये (ऋण चिन्ह नसलेल्या प्रकारात) मोठ्यात मोठा आकडा, आणि बाकी म्हणून भाज्यच परत. जुन्या ३२ बिट आर्मवर जिथे भागाकाराची सूचनाच नाही तिथे कर्नलचं स्वतःचं फंक्शन चालतं, ते लॉगमध्ये ‘डिव्हिजन बाय झीरो इन कर्नल’ लिहून स्टॅक छापतं आणि पुढे जातं. एकच ओळ, चार वागण्या. त्यामुळे वर्षानुवर्षं आर्म ६४ च्या बोर्डवर चाललेला ड्रायव्हर शून्याने भागत नव्हता असं त्यावरून म्हणताच येत नाही. आणि सी च्या नियमांत हे अनडिफाइन्ड (काय व्हावं ते ठरवलेलंच नाही) आहे, म्हणजे भागाकार आधी आणि शून्याचा चेक नंतर असेल तर भागलंय म्हणजे भाजक शून्य नसणारच असं धरून तो चेक काढून टाकायचा हक्क कंपायलरला आहे. चेक खाली आणि भागाकार वर असले पॅच मी खरंच बघितलेत.

ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो म्हणजे डू डिव्ह. हा मॅक्रो ६४ बिटांच्या आकड्याला ३२ बिटांनी भागतो, भागाकार त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि परत देतो ती बाकी. दोन्ही गोष्टी विसरायला सोप्या. भाजक ६४ बिटांचा दिला तर वरचे ३२ बिट गुपचूप कापले जातात, म्हणजे भाजक ४,२९,४९,६७,२९६ असेल तर वर टाकलेला ‘शून्य आहे का’ हा चेक पास, आणि आत मॅक्रोमध्ये भाजक शून्य! म्हणून कॉक्सिनेलची एक स्क्रिप्ट डू डिव्ह दिसलं आणि भाजक मोठा दिसला की डिव्ह ६४ यू ६४ वापरायचा विचार करा म्हणते. चांगला सल्ला आहे. पण नुसतं नाव बदललं की नवीन दोष, कारण डिव्ह ६४ यू ६४ भागाकार परत देतं, व्हेरिएबलला हात लावत नाही. उत्तर कुठेच न साठवता फक्त फंक्शन बदललेला पॅच बिनातक्रार कंपाइल होतो आणि भागाकारच गायब होतो, टूलची वॉर्निंगही जाते, सगळं हिरवं. उलट दिशेने म्हणजे डू डिव्हची बाकी ज्या कोडला हवी होती तिथे आता भागाकार जायला लागतो. या एका बदलावर मी प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून वाचते, पॅचमध्ये अशा वीस जागा असतील तर वीसही. आणि भाजक खरंच ३२ बिटांत मावणारा असेल तर बदल करूच नका असंही सांगते, ३२ बिट मशीनवर ६४ ला ६४ ने भागणं महाग पडतं.

याच्याच शेजारचा प्रकार, गुणाकार ३२ बिटांत होतो आणि मग उत्तर ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये जातं, तोवर वरचा भाग सांडलेला असतो. टूल हे छान पकडतं. फिक्स म्हणून एक आकडा यू ६४ (६४ बिटांचा अनसाइन्ड) केला की गुणाकार बरोबर होतो, पण पुढे साधं भागाकाराचं चिन्ह असेल तर तो आता ६४ बिटांचा भागाकार झाला आणि ३२ बिट कर्नल लिंकच होत नाही, यूडिव्ह-डीआय-३ सापडत नाही असं म्हणून बिल्ड थांबतं, आर्मवर तेच वेगळ्या नावाने. पॅच लिहिणाऱ्याचं मशीन ६४ बिट असतं त्यामुळे त्याला दिसत नाही. ३२ बिटवर एकदा बिल्ड केलंत का, हा माझा ठरलेला प्रश्न.

चिन्हाचं पण बघायला लागतं. तापमान वजा ५ अंश, कर्नलमध्ये ते अंशाच्या हजाराव्या भागात, म्हणजे -५०००, आणि भाजक १००० पण अनसाइन्ड. सी दोन्ही अनसाइन्ड करतं आणि उत्तर येतं ४२,९४,९६२. थंडीत वजा पाच अंश असताना चाळीस लाखांच्या वर! डिव्ह राउंड क्लोजेस्ट या मॅक्रोच्या वरच्या कमेंटमध्येच लिहिलंय की भाज्य ऋण आणि भाजक अनसाइन्ड असेल तर उत्तराची हमी नाही. म्हणजे शून्याचा धोका घालवायला कुणी भाजकाचा टाइप यू ३२ करत असेल तर मी लगेच भाज्याचं चिन्ह बघते. आणि हो, सगळ्यात लहान ऋण पूर्णांक भागिले -१, यानेही एक्स८६ वर तोच डिव्हाइड एरर येतो, तिथे शून्य नावालाही नसतं.

छोट्या गोष्टी पटकन. चेकसोबत वॉर्न ऑन (लॉगमध्ये वॉर्निंग छापणारा मॅक्रो) टाकू नका जर ते शून्य वापरणाऱ्याकडून येऊ शकत असेल, काही मशीनवर वॉर्निंगलाच पॅनिक करायची, म्हणजे कर्नल थांबवायची, सेटिंग असते, म्हणजे पडणारा कर्नल वाचवायला गेलो आणि दुसऱ्या वाटेने पाडला. आणि चेक करताना स्ट्रक्चरमधून वाचलं, भागताना पुन्हा स्ट्रक्चरमधून वाचलं, मध्ये दुसऱ्या थ्रेडने सिसएफएसमधून (सेटिंगच्या फाइलींमधून) तिथे शून्य लिहिलं, तर चेकचा काही उपयोग नाही, लॉक हवं नाहीतर एकदाच लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन तेच तपासा, तेच वापरा.

कमिट मेसेजवर मी हट्टी आहे. ‘टूलने सांगितलं म्हणून’ हे कारण मला चालत नाही, शून्य कोणत्या वाटेने येतं ते लिहा, आणि येतं की नाही हे ठरवता आलं नसेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. हा हट्ट कशासाठी, तर फिक्सेस टॅग (कोणत्या जुन्या कमिटची चूक दुरुस्त होतेय ते सांगणारी ओळ) लागला की तो पॅच जुन्या स्टेबल कर्नलमध्ये जायची शक्यता खूप वाढते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नलची स्वतःची टीम सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या दोषाचा जाहीर क्रमांक) देते, तेव्हा भागाकाराच्या फिक्सला नंबर मिळणं अगदी सहज होतं. मग दूर कुठेतरी कोणीतरी बसून आपल्या मशीनला हा धोका आहे का हे शोधतो, आणि त्याच्याकडे शोधायला फक्त आपण लिहिलेल्या त्या चार ओळी असतात. त्या चार ओळींत वाट लिहिलेली असली तर त्याचं काम पाच मिनिटांचं, नसली तर अख्खा दिवस.

तर तो पीडब्ल्यूएमचा पॅच. मी विचारलं रेट शून्य कसा येतो, आणि पॅच लिहिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी मनापासून शोधून उत्तर दिलं. प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) क्लॉक ‘ऑप्शनल’ म्हणून मागितला होता. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय आहे त्याच्या यादीत) क्लॉक लिहिलेला नसेल तर एरर येत नाही, नल, म्हणजे रिकामा, पॉइंटर येतो, आणि नलचा रेट विचारला की शून्य. म्हणजे टूलचं म्हणणं खरं होतं आणि वाट पण खरी होती, पण दोष भागाकारापाशी नव्हता, दोनशे ओळी वर होता. त्या चिपच्या डेटाशीटप्रमाणे क्लॉकशिवाय तो ब्लॉक चालतच नाही. मग ‘ऑप्शनल’ कशाला?

काढून टाकू म्हणलं तर मलाच भीती वाटली. आर्म ६४ चे बोर्ड सगळे, तिथे शून्याने भागून गप्प शून्य येतं हे वर लिहिलंच आहे, म्हणजे क्लॉक न लिहिलेला एखादा बोर्ड आजवर न पडता चालत असेल आणि आपण उद्या त्याचं प्रोबच बंद पाडू. मग दोघांनी मिळून बसून बघितलं. कर्नलमधल्या ज्या ज्या डिव्हाइस ट्रीमध्ये ही चिप आहे तिथे सगळीकडे क्लॉक लिहिलेला होता, बाइंडिंगमध्येही (ती यादी कशी लिहायची त्याच्या नियमांत) तो आवश्यक म्हणूनच होता. आणि बाहेर कुठे कुणी न लिहिता वापरत असेल तरी पीरियड सेट करताना नॅनोसेकंदांना रेटने गुणून १०० कोटीने भागतात, रेट शून्य म्हणजे रजिस्टरमध्ये शून्य जाणार, म्हणजे त्या बोर्डवर पीडब्ल्यूएम कधी चाललेलाच नसणार. बिघडण्यासारखं काही नव्हतंच.

तिसऱ्या आवृत्तीत ‘ऑप्शनल’ गेलं, रेट प्रोबमध्ये एकदाच वाचून तो बदलू नये म्हणून लॉक केला, तिथेच शून्य असेल तर नीट मेसेज देऊन प्रोब थांबतो. गेट स्टेटमधल्या भागाकाराला कुणी हात लावला नाही. टूल अजूनही त्या ओळीवर तीच वॉर्निंग दाखवतं, प्रोब आणि गेट स्टेटमधला धागा त्याला दिसत नाही, आणि त्या नोंदीपुढे आता आम्ही लिहिलंय की रेट प्रोबमध्ये तपासलाय, कोणत्या कमिटने ते पण.